मुंबई–दुबई १९३० किमी, मग तिकिटावर पावणेदोन तास कसे?

ताई, तुमचे आई-बाबा सांगलीहून मुंबईमार्गे दुबईला निघालेत. ॲप म्हणतंय अंतर १९३० किमी, वेळ सव्वादोन तास. तिकिटावर जाताना १०:०० ते ११:४५ आणि येताना १४:०० ते १८:२०. यातलं खरं काय, असा तुमचा प्रश्न.

तिकिटावर नेहमी त्या-त्या गावची वेळ छापतात. दुबई आपल्या दीड तास मागे. त्यामुळे जाताना दीड तास मिळवा, सव्वातीन तास होतात. येताना दीड वजा करा, दोन तास पन्नास मिनिटं. बाबांना घड्याळ उतरल्यावर बदलायला सांगा, आधी नको.

आता ॲपचे सव्वादोन. त्यानं सरळ अंतराला ताशी ८५० किमीनं भागलंय. तो वेग फक्त वर गेल्यावरचा. कंपनीची वेळ विमान जागेवरून हललं तिथपासून पलीकडे जागेवर थांबेपर्यंतची. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच वापरता येते, म्हणून रांग लागतेच. शिवाय चढताना-उतरताना वेग कमी आणि थोडा वळसा. कोल्हापूर–मुंबई बघा, हवाई अंतर जेमतेम ३१० किमी, तरी तासभर धरतात. दुबई सहापट लांब, पण वेळ तिप्पटच.

जाताना-येताना वीस-पंचवीस मिनिटांचा फरक मुख्यतः वाऱ्याचा. हिवाळ्यात उत्तर भारत ते अरबस्तान या पट्ट्यात उंचावर पश्चिमेकडून जोराचा वारा असतो. जाताना तो समोरून, येताना पाठीमागून. पावसाळ्यात हा फरक कमी होतो.

पण खरं सांगू का, तुमची अडचण आकाशात नाहीच, सांगली ते मुंबई रस्त्यावर आहे. सांगलीजवळच्या कवलापूरच्या धावपट्टीची चर्चा आपण ऐकतच आलोय! १० चं आंतरराष्ट्रीय विमान म्हणजे ७ ला विमानतळावर. त्यासाठी आदल्या रात्री ९ ची ट्रॅव्हल्स धरावी. पेठनाका, कराड, सातारा, खंबाटकी, पुणे, मग खंडाळ्याचा घाट. कुठंही ट्रॅफिक लागलं की तास-दीड तास गेलाच. म्हणजे घर ते दुबई सोळा तास, त्यात विमानाचे सव्वातीन.

उजळाईवाडीहून, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावरून, मुंबईचं विमान हा पर्याय दिसायला सोपा, सांगलीपासून पन्नासेक किलोमीटर. पण दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढली आणि पहिलं विमान लेट झालं, तर दुबईवाले थांबत नाहीत आणि पैसेही बहुधा बुडतात. सामानही मुंबईत घेऊन पुन्हा द्यावं लागेल. म्हाताऱ्या माणसांसाठी मी तरी आदल्या दिवशी दुपारी मुंबईला पोचवून अंधेरीत एखाद्या नातेवाइकाकडे मुक्काम करायला सांगेन. ओळखीचं कुणी नसेल तर विमानतळाजवळ साधं लॉज बघा. आणि दोघांसाठी व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवा, ऐनवेळी मिळायला उशीर होतो.