रोस्सोलिमो यांचे अर्धेच चरित्र

प्रश्न : माझी मुलगी बारावी विज्ञान शाखेत आहे. मॉस्कोचे न्यूरॉलॉजीचे प्राध्यापक ग्रिगोरी रोस्सोलिमो यांचे चरित्र मी तिच्यासमोर आदर्श म्हणून ठेवले आहे. तिने 'नीट' द्यावी, इथे जमले नाही तर मॉस्कोहून एमबीबीएस करावे आणि न्यूरॉलॉजिस्ट व्हावे, हे मी ती दहावीत असतानाच ठरवले. तिला मात्र मानसशास्त्राचे वेड आहे. विशेष मुलांच्या शाळेत ती दर शनिवारी मदतीला जात असे; अभ्यासासाठी ते मी बंद केले. ती हल्ली फारशी बोलत नाही. तिला कसे समजवावे? (एक पालक, नाशिक)

उत्तर : आपल्या पत्रातील जे वाक्य मला सर्वांत अस्वस्थ करून गेले, ते आपण जाता जाता लिहिले आहे : 'ती हल्ली फारशी बोलत नाही.' जिचे शनिवार काढून घेतले आणि जिच्या वतीने दोन वर्षांपूर्वीच निर्णय झाला, तिने बोलावे तरी काय? समजवण्याची गरज मला तिला नव्हे, आपल्याला वाटते.

रोस्सोलिमो यांचे जीवन आदर्श म्हणून ठेवायला माझी हरकत नाही. मात्र ते पूर्ण ठेवा. 1860 मध्ये ओडेसा येथे ग्रीक वंशाच्या कुटुंबात जन्मलेल्या या गृहस्थांनी 1884 मध्ये मॉस्को विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेतली आणि मॉस्कोचे न्यूरॉलॉजिस्ट कोझेव्निकोव्ह यांच्या हाताखाली मज्जाविकारांचे, म्हणजेच न्यूरॉलॉजीचे, काम सुरू केले. पायाच्या बोटांवर हलका आघात केल्यावर ती खाली वळणे, ही मेंदूकडून येणाऱ्या चेतामार्गाच्या इजेची खूण आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. इथपर्यंतचे चरित्र आपल्या सोयीचे आहे. त्यांच्याच तुकडीत पुढे कथाकार आणि नाटककार म्हणून गाजलेले अंतोन चेखव होते. 1899 मध्ये रोस्सोलिमो यांनी तुकडीच्या अल्बमसाठी त्यांच्याकडे आत्मवृत्त मागितले, तेव्हा चेखव यांनी लिहून पाठवले की आपण वैद्यकशाखा का निवडली हे आठवत नाही, परंतु त्या निवडीचा पश्चात्ताप झाला नाही. दहावीत ध्येय ठरले नाही म्हणून आयुष्य वाया जाते, ही भीती निदान या तुकडीने तरी खरी ठरवलेली नाही.

आता आपल्या मोठ्या गैरसमजाकडे वळतो. डॉक्टरकी जमली नाही की मानसशास्त्र, आणि विशेष मुलांना शिकवणे म्हणजे समाजसेवा, असे आपण गृहीत धरले आहे. रोस्सोलिमो यांनी 1910 मध्ये मांडलेली 'मानसिक रूपरेखा' पद्धत पाहा : अवधान, इच्छाशक्ती, स्मरणशक्ती, आकलन अशा अनेक अंगांना शून्य ते दहा असे वेगवेगळे गुण द्यायचे आणि त्यांचा आलेख काढायचा, म्हणजे मूल कुठे बळकट आणि कुठे कमकुवत आहे ते दिसते. सगळ्या मुलाची किंमत एका आकड्यात करायची नाही, हे एका न्यूरॉलॉजिस्टने शंभरहून अधिक वर्षांपूर्वी सुचवले. आपण मात्र पत्राच्या इथे न छापलेल्या भागात मुलीचे टक्के तीनदा लिहिले आहेत. 1911 मध्ये झारच्या शिक्षणमंत्र्यांच्या दडपशाहीच्या निषेधार्थ मॉस्को विद्यापीठातील शंभराहून अधिक अध्यापकांनी राजीनामे दिले, त्यांत रोस्सोलिमो होते. त्याच वर्षी त्यांनी स्वतःच्या पैशांनी बालमानसशास्त्र आणि मज्जाविकार यांची संस्था उभी केली आणि 1917 मध्ये ती विद्यापीठाला देऊन टाकली. त्यानंतर विद्यापीठात परतून मज्जाविकारांचे क्लिनिक त्यांनी 1928 मध्ये मृत्यू येईपर्यंत सांभाळले. ज्या कामापासून आपण मुलीला दूर केले, त्याच कामासाठी आपल्या आदर्श पुरुषाने पदरचे पैसे घातले, ही विसंगती आपल्या ध्यानात कशी आली नाही?

मार्गांबद्दल थोडक्यात. परदेशी एमबीबीएससाठीही 'नीट'मध्ये पात्र ठरावेच लागते आणि परतल्यावर वेगळी परीक्षा असते. न्यूरॉलॉजीसाठी त्यानंतर एमडी तीन वर्षे आणि डीएम ही त्यापुढची विशेष पदवी तीन वर्षे लागतात. रशियात रुग्णाशी रशियन भाषेतच बोलावे लागते, हे एजंट सहसा सांगत नाहीत. मुलीला बारावी विज्ञानानंतर मानसशास्त्राची पदवी घेता येईल. पुढे चिकित्सा मानसशास्त्र (क्लिनिकल सायकॉलॉजी) किंवा विशेष शिक्षण निवडताना अभ्यासक्रम भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेला आहे ना, एवढे तपासावे. तिला स्वतःहून 'नीट' द्यावीशी वाटली तर जरूर द्यावी, बालरोग आणि बालमनोविकार हीही क्षेत्रे आहेतच.

येत्या शनिवारपासून तिला पुन्हा त्या शाळेत जाऊ द्या. पुढचे पत्र मला तिने लिहावे. ते आपण आधी वाचू नये, ही विनंती.