टॅलीचा पासवर्ड बदललाय, हिशोब कसा बघू?

प्रश्न : २०१७ ला मी आणि मित्राने भोसरीत फॅब्रिकेशनचं वर्कशॉप टाकलं. प्रायव्हेट लिमिटेड आहे, त्याचे ६० टक्के, माझे ४०, दोघंच डायरेक्टर. मी कामगार-मशीन बघतो, बँक-बिलं तो. दोन वर्षं झाली टॅलीचा (हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा) पासवर्ड बदललाय, विचारलं तर म्हणतो सीएला विचार, सीए म्हणतो साहेबांची परवानगी आणा. पार्टनर असून मला हिशोब बघता येत नाही का? राजीनामा देऊन मोकळं व्हावंसं वाटतंय.
– एक वाचक, भोसरी

उत्तर : राजीनाम्याचं आधी डोक्यातून काढा. तुम्ही स्वतःला पार्टनर म्हणताय पण कागदावर तुम्ही पार्टनर नाही, शेअरहोल्डर आणि डायरेक्टर आहात, आणि सगळी गोम इथेच आहे. भागीदारी फर्म असती तर १९३२ च्या कायद्याच्या कलम १२ नुसार, करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर, वह्या बघायचा आणि नक्कल काढायचा हक्क प्रत्येक भागीदाराला असतो. कंपनीत तसं नाही, नुसत्या शेअरहोल्डरला ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, ऑडिटरचा रिपोर्ट, सर्वसाधारण सभेची मिनिट्स (इतिवृत्त) असं मोजकंच मिळतं, मग शेअर ४० टक्के असोत की ४. लेजर (खातेवही), व्हाउचर (प्रत्येक व्यवहाराची पावती-नोंद) बघायचा हक्क डायरेक्टरला, कंपनी कायदा २०१३, कलम १२८, कामकाजाच्या वेळेत. त्याला कुठल्या साहेबांची परवानगी लागत नाही, सीएंना हे माहीत नसेल असं मला वाटत नाही! म्हणजे राजीनामा दिलात की हातातली किल्ली तुम्हीच त्याला परत दिली.

आधी एमसीएच्या (केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या) साइटवर तुमचं नाव अजून डायरेक्टर म्हणून आहे ना ते बघा. (दोघंच असाल तर दरवर्षी ताळेबंदावर तुमचीही सही झालेली असणार, गाडीच्या बॉनेटवर ठेवून न वाचता केलेली, हे फार जणांचं होतं.) मग रजिस्टर्ड ऑफिसच्या पत्त्यावर कंपनीच्या नावाने स्पीड पोस्टाने पत्र आणि सोबत ईमेल, त्यात तारीख-वेळ देऊन नेमकं मागा, अमुक वर्षाची लेजर, बँक स्टेटमेंट, खरेदीची बिलं, जीएसटी रिटर्न. "हिशोब दाखवा" एवढंच लिहिलंत तर ताळेबंदाची झेरॉक्स हातात देतील. जुनं रद्दीत गेलं म्हणाले तर ८ वर्षांच्या वह्या ठेवणं बंधनकारक आहे.

वेळ मात्र घालवू नका, ६० टक्केवाला रीतसर नोटीस देऊन, तुमचं म्हणणं ऐकून घेऊन, साध्या बहुमताने तुम्हाला डायरेक्टरपदावरून काढू शकतो. तरी दार बंद होत नाही, कंपनीत अन्याय होतोय अशी तक्रार घेऊन कलम २४१ खाली एनसीएलटीच्या (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या) मुंबई बेंचकडे जाता येतं, त्याला १० टक्के शेअर पुरतात. पण तिथे वकिलाची फी, तारखा, सगळं आलं, म्हणून आधी पत्र.

बघायला जाल तेव्हा वही घेऊन जा, काय दाखवलं आणि काय नाही ते तिथेच तारखेसकट लिहा आणि त्याच संध्याकाळी त्यांना ईमेल करून टाका.