कोल्हापुरात महिन्याचा किराणा कुठून भरावा?

बदली होऊन कोल्हापुरात आलेल्या चौघांच्या कुटुंबाने महिन्याचा किराणा मॉलमधून भरावा की बाजारातून, असे आपण विचारले आहे. घरचा बाजार गेली पंधरा वर्षे मीच आणतो. साबण, चहापूड, बिस्किटे असा पाकीटबंद माल डी-मार्टमधून खुशाल घ्यावा. धान्य, गूळ आणि मिरची यांसाठी मात्र बाजारच गाठावा, कारण या तीन वस्तू हातात घेऊन पाहिल्याशिवाय कळत नाहीत.

धान्यासाठी लक्ष्मीपुरीत जावे आणि दोन-तीन दुकाने फिरल्याशिवाय पोते उचलू नये. पहिल्याच वर्षी एका दुकानदाराने आजरा घनसाळ म्हणून पंचवीस किलो तांदूळ माझ्या गळ्यात मारला. शिजताना घरभर सुटायला हवा तो वास काही आला नाही आणि ते पोते आम्ही चार महिने आंबोळ्या करून संपवले. तेव्हापासून आधी किलोभर आणून भात लावून पाहतो.

कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असले, तरी त्या नावाने विकली जाणारी प्रत्येक ढेप तशी असतेच असे नाही. पिवळाधमक गूळ पाहून भुलू नये. तो रंग बहुधा रसायनाचा असतो. तपकिरी ढेपेचा तुकडा मोडून जिभेवर ठेवावा आणि खारट लागल्यास पुढच्या दुकानाची वाट धरावी. नवा गूळ दिवाळीच्या सुमारास येऊ लागतो.

मिरचीची खरेदी फेब्रुवारी ते एप्रिलदरम्यान, वर्षाची एकदम करावी. रंगासाठी ब्याडगी, चवीसाठी संकेश्वरी आणि तिखटपणासाठी थोडी लवंगी असे आमच्या घरचे प्रमाण आहे. देठ खुडून, कडक उन्हात वाळवून ती मसाल्यासह डंकावर नेतो आणि कुटून होईपर्यंत समोर उभा राहतो, कारण आधीच्या गिऱ्हाइकाची उरलेली पूड आपल्या चटणीत मिसळण्याची शक्यता असते. (इथे चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला, हे आपल्याला लवकरच कळेल.)

भाजीसाठी कपिलतीर्थ मंडई पुरेशी आहे. म्हशीचे धारोष्ण दूध हवे असल्यास गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जावे. तिथे म्हैस समोरच पिळतात, म्हणून किटली घरूनच न्यावी.