भावाने घरात लावलेली गांजाची झाडे आणि फ्लॅट नावावर असलेल्या बहिणीची जबाबदारी

प्रश्न : माझ्या नावावर असलेल्या फ्लॅटमध्ये मी, माझी ७४ वर्षांची आई आणि धाकटा भाऊ राहतो. भाऊ दोन महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी परगावी गेला आहे. आतल्या खोलीतल्या झाडांना एक दिवसाआड पाणी घाल, असे तो जाताना सांगून गेला. तिथे दिव्याखाली सात कुंड्या आहेत. पानांवरून शंका आल्याने मी फोनवर खोदून विचारले, तेव्हा ती गांजाची झाडे असल्याचे त्याने कबूल केले. दोन साध्या बियांची रोपे आहेत, तीन ‘ऑटोफ्लॉवर’ आहेत आणि दोन मित्राने दिलेले ‘क्लोन’ आहेत. ऑटोफ्लॉवरना फुले धरली आहेत. त्याला झोप लागत नाही म्हणून तो गांजा घेतो. त्याच्या म्हणण्यानुसार फुले येईपर्यंत गुन्हा होत नाही, पाने म्हणजे नुसती भांग, एक किलोपर्यंत कायदा काही म्हणत नाही आणि परदेशात तर घरी झाडे लावायला परवानगीच आहे. मी झाडे रात्रीतून उपटून टाकू, पोलिसांना सांगू की तो येईपर्यंत गप्प राहू?

उत्तर : आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण इथे प्रत्येक दिवस महत्त्वाचा आहे. भाऊ परत येईपर्यंत गप्प राहू नये आणि रात्रीतून झाडे उपटून कुठे नेऊन टाकूही नयेत. येत्या एक-दोन दिवसांत फौजदारी वकिलाला प्रत्यक्ष भेटावे. त्यांनी अमली पदार्थांचे खटले चालवलेले असतील तर अधिक चांगले. असे का म्हणतो, ते आता सविस्तर सांगतो.

या विषयावरचा मुख्य कायदा म्हणजे १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा, ज्याला सर्वजण एनडीपीएस कायदा म्हणून ओळखतात. आपल्या भावाचा सारा युक्तिवाद या कायद्यातील ‘गांजा’ या शब्दाच्या व्याख्येवर उभा आहे आणि तेवढ्यापुरता तो खोटा नाही. गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे; शेंड्यांसोबत नसलेली पाने आणि बिया या व्याख्येबाहेर ठेवलेल्या आहेत. परंतु त्याच कायद्यात ‘कॅनाबिस झाड’ अशी दुसरी, स्वतंत्र व्याख्या आहे आणि त्या वंशातील कोणतेही झाड तिच्यात येते. कलम ८ च्या खंड (ख) ने अशा झाडाच्या लागवडीलाच बंदी घातली आहे आणि कलम २० च्या खंड (क) ने त्या लागवडीला शिक्षा सांगितली आहे: दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. या तरतुदीत फुलांचा, वजनाचा, झाडांच्या संख्येचा किंवा नशा आणणाऱ्या घटकाच्या प्रमाणाचा उल्लेखच नाही. दोन पानांचे रोपटे कुंडीत लावून वाढवले, तरी ती लागवड होऊ शकते.

रोप, ऑटोफ्लॉवर आणि क्लोन यांतील फरक मी मुद्दाम उलगडून सांगतो, कारण बागकामात तो मोठा असला तरी कायद्यात त्याचा उपयोग भाऊ समजतो तसा होत नाही. (फांदीपासून केलेल्या रोपाला आपण कलम म्हणतो, पण कायद्याच्या कलमांशी घोळ होऊ नये म्हणून मी इथे ‘क्लोन’ हाच शब्द ठेवतो.) साध्या बियांपासून आलेले झाड नर निघेल की मादी, हे सुरुवातीला कळत नाही आणि घरात दिव्याचे तास कमी करेपर्यंत ते सहसा फुलोऱ्यावर येत नाही. नर निघाले तर वापरण्याजोगा फुलोरा मिळत नाही. तरीही लागवडीच्या आरोपातून ते सुटत नाही. क्लोन मादी झाडाच्या फांदीपासून केलेला असल्यास मादीच असतो. तो मित्राने दिला, यामुळे लागवडीचा ठपका कमी होत नाही. उलट तो कोणी आणि कोठून दिला, हा तपासाचा नवा धागा होतो आणि प्रकरण आपल्या घराबाहेर पसरते.

ऑटोफ्लॉवरची गोष्ट सर्वांत गंभीर आहे. ही जात उजेडाच्या तासांवर नव्हे, तर वयावर फुलते. बी रुजल्यापासून साधारण दोन-अडीच महिन्यांत फुलोरा तयार होतो आणि तो थांबवणे कोणाच्या हातात नसते. म्हणजे भाऊ परगावी असताना, कोणी काही न करता, आपल्या खोलीत व्याख्येत बसणारा गांजा तयार होत आहे. आजवर प्रश्न केवळ लागवडीचा होता. आता उत्पादन आणि ताबा यांचे आरोपही त्याला जोडले जाऊ शकतात. फुले येईपर्यंत गुन्हा नाही हे म्हणणे मुळात चूक होतेच, पण तीन कुंड्यांच्या बाबतीत ते म्हणण्याची वेळही निघून गेली आहे.

एक किलोच्या समजुतीने मी अनेक तरुणांना अडचणीत आलेले पाहिले आहे. केंद्र सरकारच्या २००१ च्या अधिसूचनेप्रमाणे गांजाचे अल्प प्रमाण एक हजार ग्रॅम आणि व्यापारी प्रमाण २० किलो आहे. अल्प प्रमाण म्हणजे मोकळीक नव्हे. तेवढा गांजा बाळगण्यालाही एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय हे प्रमाण ताब्यासारख्या कृत्यांना लागू होते, लागवडीला नाही. घरातल्या कपाटात ५० ग्रॅम गांजा सापडला तर कमाल शिक्षा एक वर्ष, आणि त्याच घरात कुंडीतले एक झाड सापडले तर ती दहा वर्षांपर्यंत, अशी ही विषम रचना आहे. माझ्या मते ती न्याय्य नाही आणि कुंडी व एकरभर शेत यांत कायद्याने भेद करायला हवा. परंतु आज आपल्याला जो कायदा लागू आहे, तो असा आहे.

परदेशातील परवानगीबद्दल थोडक्यात. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ व्यक्तीला राहत्या घरी तीन झाडे लावता येतात आणि कॅनडाच्या २०१८ च्या केंद्रीय कायद्याने एका घरात चार झाडांना मुभा दिली. भारतातील घराला त्या कायद्यांचा काहीही आधार मिळत नाही. आपल्याकडे कलम १० आणि १४ खाली परवान्याने लागवड होऊ शकते आणि उत्तराखंडाने २०१८ मध्ये औद्योगिक तागासारख्या वापरासाठी, नशेचा घटक अत्यल्प असलेल्या जातींना, असे परवाने दिले; पण स्वतःच्या वापरासाठी घरी झाडे लावण्याचा परवाना त्यातून मिळत नाही.

आता आपल्याविषयी. कलम २५ प्रमाणे घराचा किंवा खोलीचा मालक, भोगवटादार किंवा त्यावर नियंत्रण असणारी व्यक्ती जाणूनबुजून ती जागा दुसऱ्याला या कायद्याखालील गुन्ह्यासाठी वापरू देते, तेव्हा तिलाही मूळ गुन्ह्याइतकीच शिक्षा होते. सारे वजन ‘जाणूनबुजून’ या शब्दावर आहे. फोनवर खरे कळेपर्यंत आपण घातलेले पाणी हे अजाणतेपणीचे होते आणि तसे प्रामाणिकपणे सांगता येते. कळल्यानंतर घातलेल्या पाण्याचे समर्थन कोणताही वकील सहज करू शकणार नाही. म्हणून आजपासून पाणी घालणे थांबवा. झाडे जगवण्याचे कोणतेही बंधन आपल्यावर नाही.

इथे कलम ३५ लक्षात घ्यावे लागते. एरवी आरोपीचा हेतू सिद्ध करणे हे सरकार पक्षाचे काम असते. या कायद्यात मात्र न्यायालय दोषी मनःस्थिती गृहीत धरते आणि ती नव्हती हे आरोपीला वाजवी शंकेपलीकडे सिद्ध करावे लागते. अर्थात मूळ वस्तुस्थिती आधी सरकार पक्षानेच सिद्ध करायची असते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या नूर आगा प्रकरणात स्पष्ट केले आहे. आपल्याला अधिक जवळचा निकाल अलख राम विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य हा आहे. त्यात कुटुंबाच्या सामाईक जमिनीत गांजाची झाडे सापडली होती. ती आरोपीनेच लावली याचा पुरावा नसल्याने आणि अशी झाडे आपोआपही उगवू शकत असल्याने सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. मात्र कुंडी, दिवा आणि ठरवून दिलेले पाणी असताना झाडे आपोआप उगवली असे कोणी म्हणू शकत नाही. लावली कोणी, एवढाच प्रश्न उरतो.

उपटून टाकण्याचा विचार मला समजतो, कारण त्यामागे भावाची माया आहे. पण भावाला शिक्षेपासून वाचवण्यासाठी पुरावा नाहीसा करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ खाली वेगळा गुन्हा आहे आणि मूळ गुन्ह्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा असल्याने इथे तो तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा ठरू शकतो. त्याहून व्यावहारिक धोका असा की फुलोऱ्याचे शेंडे पिशवीत भरून आपण जिना उतरलात, तर त्या क्षणी गांजाचा ताबा आणि वाहतूक आपली असते. क्लोन मित्राला परत देणेही तितकेच धोक्याचे आहे. खोलीला कुलूप लावा, काही हलवू नका आणि भावाचे संदेश पुसू नका. ते संदेश आपल्याला झाडांची माहिती कधी झाली, हे दाखवतात. वकिलाला ते जसेच्या तसे दाखवा.

त्यानंतरचे पाऊल वकिलाने आपली सर्व हकीकत ऐकून ठरवायचे आहे. माझे स्वतःचे मत असे की वकिलामार्फत पोलिसांना लेखी माहिती द्यावी, तिची पोच घ्यावी आणि अटकपूर्व जामिनाचा अर्ज आधीच तयार ठेवावा. जमीनधारकाने आपल्या जमिनीतील अशा बेकायदा लागवडीची माहिती तत्काळ द्यावी, असे कलम ४६ सांगते. ते फ्लॅटला लागू होते की नाही यावर वाद घालता येईल, पण स्वतःहून दिलेली माहिती आपला प्रामाणिकपणा दाखवते. माहिती दिल्याने आपोआप माफी मिळते, असे मात्र समजू नये. दिलासा एवढा, की जामिनाची कलम ३७ मधील कठोर अट प्रामुख्याने व्यापारी प्रमाणाच्या गुन्ह्यांना आहे. सात कुंड्यांच्या प्रकरणात ती सहसा आड येणार नाही. जप्तीच्या वेळी कुंड्या, मुळे, खोड आणि पाने यांसकट वजन लिहिले जात असेल, तर शेंडे वेगळे करून त्यांचे स्वतंत्र वजन पंचनाम्यात नोंदवण्याची मागणी वकिलाने जागेवरच करावी. झडती आणि जप्तीचे चित्रीकरण करणे नव्या नागरिक सुरक्षा संहितेने बंधनकारक केले आहे.

भावालाही स्वतंत्र वकील हवा. आपल्या दोघांचे हितसंबंध या प्रकरणात एक नाहीत, आणि ही गोष्ट मान्य करणे बहिणीला किती जड जाते, याची मला जाणीव आहे. त्याला सवय जडली असेल तर उपचार जरूर सुरू करावेत. स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनाधीन व्यक्तीला कलम ६४ क खाली सेवनाच्या आणि अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यांत संरक्षण मिळू शकते. लागवडीच्या आरोपाला ते आपसूक मिळेल असे धरून चालू नये.

आईंना आज सगळे सांगायचे की नाही, हा निर्णय आपला आहे, परंतु त्या खोलीत त्यांनी जाऊ नये आणि कुंड्यांना हात लावू नये, एवढे मात्र सांगा. पुढे चौकशी झालीच, तर साक्षीदार म्हणून त्यांना पोलीस ठाण्यात बोलावता येत नाही; महिलांचे आणि ६० वर्षांवरील व्यक्तींचे जबाब त्यांच्या राहत्या घरीच घ्यावे लागतात. तसा निरोप आला, तर आईंना घेऊन निघण्यापूर्वी वकिलांना फोन करा.