इंग्रजीतला ‘हू’ किंवा ‘विच’ नेमका कोणत्या शब्दाला लागतो हे कसं ओळखायचं?

‘द डॉटर ऑफ द टीचर हू लिव्ह्ज इन फोंडा’ यात फोंड्याला मुलगी राहते की शिक्षक, आणि ठाम नियम काय, असं तुम्ही विचारलंय. ठाम नियम नाही. दोन्ही अर्थ निघतात. ‘लगतच्या नामाला लागतो’ असं छातीठोक सांगणाऱ्यांवर माझा जुना राग आहे, तो आज निघणार.

कळंगुटच्या एका हॉटेलात मी रिसेप्शनला होतो. मोपाचा विमानतळ तेव्हा व्हायचा होता. भाड्याच्या स्कूटरींच्या चाव्या आमच्या काउंटरमागे खिळ्यांना टांगलेल्या असत. आमच्या पात्रांवने, म्हणजे मालकाने, स्वतः नोटीस लिहिली: ‘काइंडली रिटर्न द कीज ऑफ द स्कूटर्स विच आर केप्ट ॲट द रिसेप्शन.’ त्याला म्हणायचं होतं, चाव्या रिसेप्शनला असतात, त्या परत द्या. एका पाहुण्याला वाटलं, ज्या स्कूटरी रिसेप्शनपाशी लावल्यात त्यांच्याच चाव्या द्यायच्या. त्याची तर मागे माडाखाली! चावी खिशात घालून गडी दाबोळी विमानतळावर, तिथून आपल्या देशात. दुसरी चावी नव्हतीच. भर डिसेंबरात स्कूटर चार दिवस तिथेच, वर नारळ पडायची धास्ती.

खापर माझ्यावर, कारण नोटीस चिकटवली मी. म्हटलं, वाक्यच दोन्हीकडे लागतंय. तर पात्रांव सगळ्यांसमोर, ‘तुका कळना मरे, मराठी मिडियम तूं! विच लागींच्या उतराक लागता.’ अहो, लगतचा शब्द ‘स्कूटर्स’! म्हणजे त्याच्याच नियमाने पाहुणा बरोबर. हे मला सुचलं ते घरी जाताना, म्हापशाच्या बसमध्ये.

आणि मराठी मिडियमचंच म्हणाल तर, ही गाठ सोडवायला तेच कामी येतं. ‘ज्या चाव्या’ की ‘ज्या स्कूटरी’, मराठीत जो-जी नामाच्या आधी ठेवलं की सांगावंच लागतं. तुमच्या वाक्यातही ‘शिक्षकाची जी मुलगी फोंड्याला राहते’ आणि ‘जो शिक्षक फोंड्याला राहतो त्याची मुलगी’, दोन्ही करून बघा. दोन्ही जमली तर इंग्रजी वाक्य मोडून लिहा. ‘द टीचर्स डॉटर हू...’ केलं की मुलगीच.

भाचा भाषाशास्त्र शिकतो. तो सांगतो, १९८८ साली क्वेटोस आणि मिचेल यांनी अशीच वाक्यं वाचायला दिली, तेव्हा इंग्रजीवाले दुसऱ्या नामाकडे झुकले आणि स्पॅनिशवाले पहिल्याकडे. नुसता कल हो, नियम नव्हे. आमचा पाहुणा कुठला होता, आता आठवत नाही.

हां, एक राहिलं. एक नाम एकवचनी आणि दुसरं अनेकवचनी असेल तर क्रियापद फोडून सांगतं: ‘कीज ऑफ द स्कूटर विच आर’ म्हणजे चाव्याच. आणि ‘ही टुक द की, विच मेड मी अँग्री’ यात राग चावीचा नाही, ती नेल्याचा. इथला ‘विच’ अख्ख्या वाक्याला लागतो, माझी जो-जीची युक्ती इथे चालत नाही.

पुढची नोटीस मी लिहिली: ‘रिटर्न स्कूटर कीज हिअर’, खाली बाण. पात्रांव बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, ‘ह्यांत विच खंय आसा?’