उल्हास नदीचं खोरं ट्रेनने एका दिवसात: डावीकडची खिडकी धरा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठाण्याहून सकाळी निघायचं, ट्रेनने एखादं नदीचं सुंदर खोरं बघायचं आणि रात्री जेवायला घरी परत यायचं. बरोबर सासष्ट वर्षांची आई आणि दहा वर्षांचा मुलगा. आईंचे गुडघे दुखतात, फार चालणं नको. कुठे जावं?

लांब कुठे जाऊ नका. तुमच्या दारावरून रोज जाणारी पुण्याची गाडी पकडा आणि लोणावळ्यापर्यंत जाऊन परत या. हसू नका, लोणावळा बघायला जा असं मी म्हणतच नाहीये. लोणावळा फक्त गाडी बदलायला. बघायचं आहे ते कल्याण ते खंडाळा, म्हणजे उल्हास नदीचं खोरं. आपण या मार्गाने शेकडो वेळा जातो, पण मोबाईलमध्ये डोकं घालून किंवा झोपेत. एकदा फक्त नदीसाठी जाऊन बघा.

माझं बालपण कर्जतचं. वडील घाटात गाड्या मागून ढकलणाऱ्या बँकर इंजिनांवर नोकरीला होते. आता मी बदलापूरला राहतो. म्हणजे आयुष्यभर याच नदीचं पाणी प्यायलो आहे, त्यामुळे थोडं जास्त लिहीन, सांभाळून घ्या.

आधी गाडीचं. सकाळी सातला सीएसएमटीहून सुटणारी डेक्कन एक्सप्रेस तुम्हाला सोयीची. ठाण्याला चढा, साधारण साडेनवाच्या सुमाराला लोणावळा. परतीला तीच गाडी दुपारी सव्वातीनला पुण्याहून निघते आणि तासाभराने लोणावळ्याला येते. उजेडात घाट चढायचा आणि उजेडातच उतरायचा, हे या गाडीने जमतं. संध्याकाळच्या गाड्यांचं तसं नाही, अंधार पडला की सगळं फुकट. वेळा मधूनमधून बदलतात, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी तपासून घ्या. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. शनिवार-रविवार टाळा. पावसाळी रविवारी या मार्गावर जी गर्दी असते, त्यात आईंना नेणं म्हणजे त्यांचे हाल.

या गाडीला 2021 पासून व्हिस्टाडोम डबा आहे. मोठ्या काचा, काचेचं छत, फिरणाऱ्या खुर्च्या. आईंसाठी जाताना तो घ्या, पाय मोकळे ठेवून बसता येतं. येताना मात्र टू-एसची, म्हणजे बिनएसीच्या साध्या बसायच्या डब्याची खिडकी घ्या. काचेतून दरी दिसते, पण ओल्या दगडाचा आणि मातीचा वास येत नाही, धबधब्याचा आवाज येत नाही, चेहऱ्यावर तुषार येत नाहीत. मुलाला हे सगळं मिळायला हवं. दारात मात्र उभं राहू देऊ नका. बोगद्याची भिंत डब्यापासून किती जवळून जाते, ते खिडकीतूनच कळतं.

आता मुख्य गोष्ट. जाताना डावी बाजू. कल्याणपासून खंडाळ्यापर्यंत नदी आणि तिची दरी डावीकडे राहते. परतीला अर्थातच उजवी.

कल्याणला ही नदी खाडी होऊन गेलेली असते. तिथून तुम्ही तिच्या उगमाकडे निघता, म्हणजे नदी शेवटापासून सुरुवातीपर्यंत पाहता. मुलाला हे आधी सांगून ठेवा, त्याला काहीतरी शोधत बसल्याचा आनंद मिळेल. अंबरनाथपर्यंत इमारतीच इमारती, तिथे आईंना चहा पाजून घ्या. बदलापूर सुटलं की खरं सुरू होतं. बदलापूर आणि वांगणीच्या मधला पट्टा नीट बघा. सप्टेंबरात इथे दोन्ही बाजूंना भाताची हिरवी खाचरं आणि पलीकडे झाडांच्या रांगेआड नदी, इतकं शांत दिसतं. पण 27 जुलै 2019 ला याच ठिकाणी उल्हास रुळांवर आली होती. आदल्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली. चहूकडे पाणी, मध्ये गाडी. एनडीआरएफ, नौदल आणि आसपासच्या गावातले लोक, सगळ्यांनी मिळून हजाराच्या वर प्रवासी सुखरूप बाहेर काढले. त्या दिवशी आमच्या भागात घरोघरी चपात्या लाटल्या जात होत्या. मी आजही तिथून जाताना पाण्याची पातळी बघतो, ती सवयच लागून गेली आहे.

नेरळला उजवीकडे माथेरानचा डोंगर अगदी अंगावर येतो. 1907 ची छोटी गाडी तिथूनच वर जाते. मुलगा हट्ट करेल, पण एका दिवसात दोन्ही करू नका, माथेरानला वेगळा दिवस द्या. डावीकडे लांबवर सह्याद्रीची मुख्य भिंत दिसायला लागते, त्यात भीमाशंकरचे डोंगर.

कर्जत आलं की गाडी थांबते, आणि वडेवाले खिडकीशी येतात. दिवाडकरांचा वडा घ्या. पण मुलाला वडा हातात देऊन लगेच मागच्या बाजूला लक्ष द्यायला सांगा. इथे घाटात चढणाऱ्या बहुतेक गाड्यांना मागून बँकर लागतात, म्हणजे ढकलायला जादा इंजिनं. ती जोडली जाताना सगळ्या डब्यांतून एक हलका धक्का पुढे सरकत येतो, चहाचा कप किंचित हलतो. वडील म्हणायचे, धक्का कळला नाही तर काम चांगलं झालं. मला मात्र तो कळावा असंच वाटायचं.

बँकर का लागतात? कर्जत आणि लोणावळ्यात अंतर जेमतेम 28 किलोमीटर, पण चढ साडेपाचशे मीटरच्या वर. सगळ्यात अवघड चढ 37 ला 1 आहे, म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की गाडी एक मीटर वर. रस्त्याला हे काहीच नाही, पण लोखंडी चाक लोखंडी रुळावर पावसात घसरतं. एक गंमत मुलाला सांगा: मुंबईहून घाट चढणाऱ्या या गाडीला रेल्वेच्या भाषेत 'डाऊन' म्हणतात आणि उतरणारीला 'अप'.

हा लोहमार्ग 1863 मध्ये सुरू झाला. त्याआधी काही वर्षं खोपोलीपर्यंत गाडी होती, खंडाळ्यापासून पुण्याकडेही गाडी होती, आणि मधला घाट लोक पालखीत, तट्टूवर किंवा पायी चढत. काम ज्याच्या अंगावर होतं तो कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये इथे येऊन थोड्याच दिवसांत वारला. पुढचं काम त्याच्या बायकोने, ॲलिस ट्रेडवेलने, आपल्या जबाबदारीवर पुरं करून घेतलं. ऐन भरात चाळीस हजारांच्या आसपास मजूर या डोंगरात राबत होते, आणि त्यातले कितीतरी कॉलऱ्याने गेले. त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर शिंग्रोबाचं देऊळ आहे. घाटाची वाट साहेबाला धनगराने दाखवली आणि साहेबाने त्याचाच जीव घेतला, अशी आमच्याकडे कथा सांगतात. दंतकथा असेल, पण वाट डोंगरात गुरं चारणाऱ्यालाच ठाऊक असणार हे मला पटतं.

पळसदरी मागे पडलं की गाडी हळू होते आणि बोगदे सुरू होतात. मूळ मार्गावर 25 होते, पुढे मार्ग वाढले तसे आणखी झाले. मुलाला मोजायला सांगा. मी लहानपणी मोजायचो, प्रत्येक वेळी आकडा वेगळा यायचा. दोन बोगद्यांच्या मध्ये डावीकडे दरी उघडते. खाली दाट झाडी, तिच्यात एक पांढरी रेघ, आणि समोरच्या कड्यावर श्रीवर्धन आणि मनरंजन हे राजमाचीचे दोन बालेकिल्ले. ती खालची रेघ म्हणजे उल्हास. इथे ती एवढीशी असते. कल्याणला जिच्यावर मोठे पूल लागतात ती हीच, हे आईंना दाखवा. जांब्रुंग, ठाकूरवाडी, मंकी हिल अशा पाट्या जातील. गाडी तिथे रेंगाळली तरी खाली उतरू नका. माकडं खिडकीशी आली तर खायला देऊ नका, गाडीच्या आशेने ती रुळांवर येतात. खंडाळ्याजवळ मात्र क्षणभर उजवीकडे बघा, नागफणीचा सुळका दिसतो.

लोणावळ्यात सहा-साडेसहा तास मिळतात. रिक्षा करून राजमाची पॉइंटला जा, पंधरा-वीस मिनिटांचा रस्ता. गाडीतून जी दरी तुकड्यातुकड्याने दिसली, ती इथून एका नजरेत दिसते. आईंना बाकावर बसून सगळं बघता येतं, चालायची गरज नाही. निवांत दोन तास बसा. ढग आले असतील तर उठू नका, वाट बघा. दहा मिनिटांत कापूस बाजूला होतो आणि अचानक सगळी दरी समोर येते. भुशी धरणाकडे जाऊ नका. 2024 च्या जूनमध्ये त्याच्या मागच्या धबधब्यात एका कुटुंबातली माणसं वाहून गेली. लहान मूल आणि गुडघे दुखणारी आई घेऊन वाहत्या पाण्यात पाय टाकायची काहीच गरज नाही. मग गरम जेवा, चिक्की घ्या आणि वेळेआधी अर्धा तास फलाटावर या.

राजमाची पॉइंटला बसल्यावर मुलाला एक गोष्ट नक्की सांगा. लोणावळा दोन नद्यांच्या पाणलोटांच्या सीमेवर आहे. समोरच्या दरीत पडलेला पाऊस उल्हासमधून अरबी समुद्राला जातो. पाठीमागे, कुरवंड्याच्या बाजूला पडलेला इंद्रायणीत जातो. तो देहू, आळंदी करत भीमेतून कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला मिळतो. पण माणसाने यात हात घातला. इंद्रायणीला मिळणाऱ्या आंध्रा नदीवर टाटांनी ठोकरवाडीचं धरण बांधलं, आणि 1922 पासून ते पाणी डोंगर फोडून पश्चिमेला भिवपुरीच्या वीजघरावर सोडलं जातं. वीज करून झालेलं पाणी पुढे उल्हासला मिळतं. म्हणून आमची नदी उन्हाळ्यातही वाहती असते आणि बदलापूरच्या बॅरेजमधून आम्हाला मे महिन्यात पाणी मिळतं. आळंदीला जायचं पाणी माझ्या घरच्या नळाला येतं. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी नळ घट्ट बंद करायला शिकलो.

उतरताना घाट वेगळाच वाटतो. गाडी खूप हळू येते, ब्रेकचा जळका वास खिडकीतून येतो, घाबरू नका. उतरणाऱ्या गाड्यांसाठी घाटात कॅच साइडिंग आहेत. डोंगरावर चढत जाणारा एक आंधळा रूळ असतो आणि सांधा, म्हणजे गाडीचा रूळ बदलणारा जोड, आधी त्याच्याच बाजूला लावलेला असतो. गाडी ताब्यात आहे अशी खात्री झाली की मगच तिला मुख्य मार्ग मिळतो. ब्रेक निकामी झालेली गाडी त्या चढावर जाऊन थांबावी, यासाठी ही व्यवस्था. वडिलांच्या तोंडून हे ऐकल्यापासून गाडी मध्येच थांबली की मी कधी वैतागत नाही.

कधी जावं? जुलैत धबधबे भरपूर, पण ढगात दरी दिसेलच असं नाही, आणि दरड कोसळली तर गाड्या तासन् तास अडकतात. माझ्या मते अनंत चतुर्दशी झाल्यावरचा पितृपंधरवडा सगळ्यात चांगला. गर्दी कमी, पाऊस सरींवर आलेला, कड्यांवर सोनकीची पिवळी फुलं, नेरळ-कर्जतला भात पोटरीत. धबधबे आटलेले नसतात आणि राजमाची स्वच्छ दिसते.

निघायच्या दिवशी सकाळी घाट बंद असल्याची बातमी आली तर दिवस मोडू नका. ठाण्याहून कर्जत लोकल पकडा, डावीकडे बसा. कर्जतला उतरून वडा खा, घाटाकडे तोंड करून फलाटावर थोडा वेळ बसा आणि परत या. नदी तुम्हाला तेवढ्यातही बरीचशी भेटते. आईंना खिडकी द्या, मुलाला त्यांच्या शेजारी बसवा. पाण्याची बाटली आणि आईंसाठी एक पातळ शाल बरोबर ठेवा, व्हिस्टाडोममध्ये एसीचा गारवा जास्त असतो.