जुन्या सहा चाकी, पाण्यात जाणाऱ्या एटीव्हीत (कुठल्याही जमिनीवर चालणाऱ्या गाडीत) कुठला चेन लेआउट चांगला?

तुमचा प्रश्न असा दिसतोय की आर्गो, मॅक्स, अटेक्स असल्या जुन्या सहा चाकी गाड्यांत चेन कशा फिरवायच्या, आणि पानशेतकडच्या शेतासाठी तसली एक गाडी स्वतः बनवायची तर त्यातला कुठला प्रकार घ्यावा. माझं मत आधीच सांगून टाकतो, प्रत्येक बाजूला गिअरबॉक्सवर डबल स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) लावा, त्यातली एक चेन पुढच्या ॲक्सलला, दुसरी मधल्याला, आणि मधल्यावरून तिसरी चेन मागच्याला. मी भोसरीत कन्व्हेयरची कामं करतो, चेन-स्प्रॉकेट रोजचंच, आणि या गाड्यांचं वेड त्याच्याही आधीपासूनचं.

या गाड्या साठच्या दशकातल्या. कॅनडात आधी जायगर आली, मग १९६७ ला ओंटारियो ड्राइव्ह अँड गिअर या कंपनीने आर्गो काढली, अमेरिकेत बफेलोच्या रिक्रिएटिव्हज इंडस्ट्रीजची मॅक्स, पेन्सिल्व्हेनियाची अटेक्स वगैरे. स्टिअरिंगने वळणारं चाक एकही नाही, सस्पेन्शन नाही, दोन-तीन पीएसआय हवेचे फुगे टायर हेच सस्पेन्शन आणि पाण्यात तेच वल्हं. डावीकडची तीन चाकं चेनने एकमेकांना बांधलेली, उजवीकडची तीन तशीच, एका बाजूला ब्रेक लावला की गाडी तिकडे वळते. गिअरबॉक्समध्ये फरक आहे, मॅक्समधला बोर्ग-वॉर्नरचा टी-२० एका बाजूची ताकद तोडून तिला ब्रेक लावतो, आर्गोच्या डिफरन्शियलवाल्यात एक बाजू दाबली की दुसरी जास्त वेगाने पळते, पण गिअरबॉक्सच्या पुढे चेनचं दुखणं दोन्हीकडे सारखंच.

आता लोक इथे एक हिशोब करतात की तीन चाकं आहेत म्हणजे प्रत्येक चेनवर एक तृतीयांश लोड. तसं अजिबात नसतं. पाण्यातून काठावर चढताना बघा, मागचा भाग अजून तरंगतोय आणि फक्त पुढच्या चाकांनी चिखल पकडलाय, म्हणजे त्या बाजूचा सगळा टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, पुढच्या एका चेनमधून, आणि नाक वर झालं की लगेच तोच सगळा मागच्या चेनवर. म्हणून लेआउट कुठलाही घ्या, प्रत्येक चेन पूर्ण बाजूचा टॉर्क झेलेल अशीच निवडायची.

गणित करून बघा. एका चाकावर साधारण १५०० न्यूटन वजन आलं आणि घर्षण ०.८ धरलं तर २१-२२ इंची टायरला सव्वातीनशे न्यूटन मीटरच्या आसपास टॉर्क होतो. ॲक्सलवर २० दातांचं स्प्रॉकेट असेल तर ०८बी चेनमध्ये (०८बी, १०बी, १२बी हे चेनचे चढते साइज) जवळपास ८००० न्यूटन ताण, आणि तिची तुटायची ताकद १७,८०० न्यूटन, म्हणजे दुपटीला जरा वर, त्यात झटका आला की संपलं. १०बी ला ६४०० विरुद्ध २२,२००, आणि १२बी ला ५३०० विरुद्ध २८,९००. जागा असेल तर १२बी, नाहीतर निदान १०बी. आणि गिअरबॉक्सवर ९-१० दातांचं चिमुकलं स्प्रॉकेट लावू नका, ९ दातांना चेनचा वेग प्रत्येक दाताला सुमारे ६ टक्के वरखाली होतो, १७ ला पावणेदोन टक्क्यांच्या आत येतो.

एकच लांब चेन तिन्ही ॲक्सलवरून फिरवायचा प्रकार स्वस्त पडतो आणि कागदावर फार छान दिसतो, पण मधल्या स्प्रॉकेटला चेन नुसती वरून चाटून जाते, दोन-तीन दातच पकडतात, मग तिथे आयडलरने, म्हणजे नुसत्या मोकळ्या फिरणाऱ्या चाकाने, दाबावी लागते नाहीतर चेन दातावरून उडी मारते. शिवाय झीज. ३ मीटरची चेन १ टक्का वाढली की ३ सेंटीमीटर ढिलाई एकाच ठिकाणी गोळा होते. आणि तुटली तर ती अख्खी बाजू मेली, पाण्यात असाल तर जागच्या जागी गोल गोल फिरत बसा.

दुसरा प्रकार गिअरबॉक्स ते मधला ॲक्सल, आणि तिथून पुढे एक, मागे एक. हा वाईट नाही, दुरुस्तीला सोपा, पण पहिली चेन गेली की परत तेच, बाजू बंद. मी सांगितलेल्यात कुठलीही एक चेन तुटली तरी त्या बाजूचं निदान एक चाक ओढत राहतं आणि तुम्ही काठाला लागता. फक्त ताण देताना क्रम लक्षात ठेवा, मधला ॲक्सल सरकवला की मागची चेन बदलते, म्हणून आधी मधली, मग मागची, पुढची कधीही.

चेन ताणून धरायला बाइकसारखा स्प्रिंगवाला टेन्शनर लावू नका हो. पुढे जाताना जी बाजू ढिली असते तीच रिव्हर्समध्ये ताणली जाते, आणि वळताना ब्रेक लावलेल्या बाजूला पण तसंच होतं कारण तिथे जमीन चाकाला ढकलत असते, त्या झटक्यात स्प्रिंग दबते आणि चेन दात सोडते. बोल्टने घट्ट होणारा आयडलर किंवा नायलॉनचा ठोकळा लावा. आणि एका बाजूचे तिन्ही टायर एकाच घेराचे हवेत, एक जरी झिजलेला असला तरी चेन आपापसातच भांडत राहतात आणि डांबरी रस्त्यावर ते लगेच ऐकू येतं. वळायला जड जात असेल तर मधल्या टायरमध्ये किंचित जास्त हवा भरा, फरक पडतो.

चाचणी मात्र पानशेतच्या पाण्यात करू नका, ते पाणी पुण्याला प्यायला येतं आणि या गाड्यांतून ग्रीस-तेल टपकतंच, शिवाय परवानगीची भानगड वेगळी. शेततळं बघा, पण प्लास्टिकचा कागद घातलेलं नको, चाकं कागद फाडतील आणि शेतकरी तुम्हाला.

सामान नाना पेठेत आणि भोसरीत मिळून जाईल. अमेरिकन ड्रॉइंग वापरत असाल तर त्यावर ४०, ५०, ६० नंबर असतील, आपल्याकडे दुकानात बहुतेक ०८बी, १०बी, १२बी देतील. पिच (चेनच्या दोन पिनांमधलं अंतर) तेच, पण ४० चा रोलर ७.९२ मिलिमीटर आणि ०८बी चा ८.५१, त्यामुळे ४० च्या स्प्रॉकेटवर ०८बी नीट बसत नाही, दात खाते. ५० आणि १०बी चा रोलर सारखाच आहे, तरी स्प्रॉकेट आणि चेन एकाच दुकानातून घ्या आणि दुकानातच बसवून बघा.